एचपी नंतर, फळी आधी

पाच लाखांत जुनी स्पीडबोट मिळते, हे खरं आहे. ती पाच लाखांत चालत नाही, एवढंच विकणारा सांगत नाही.

सौंदडला माझं ट्रॅक्टर आणि मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. समुद्र इथून कुठल्या कुठे. पण आमचा जिल्हाच तळ्यांचा. इटियाडोह, नवेगावबांध, चुलबंद, शिवाय गावोगावचे मामा तलाव. त्यामुळे अधूनमधून कोणाला तरी बोटीचं वेड लागतंच, आणि गोसीखुर्दच्या जलपर्यटनाची बोलणी कानावर यायला लागल्यापासून तर जास्तच. बोट बघायला जाताना मिस्त्री म्हणून मला सोबत नेतात, आणि घेतल्यावर बिघडली की ती माझ्याच दारात येते. दोन्ही टोकांनी जे पाहिलं ते सांगतो.

आधी पाणी ठरवा, मग बोट. किनारपट्टीवर विकायला निघालेल्या वेगवान बोटींचा तळ बहुधा खोल व्ही आकाराचा असतो. लाटा कापायला तो उत्तम. आपल्या तळ्यात तेवढ्या लाटा कुठल्या? तोच तळ पाण्यावर उचलून पळवायला इंजिन मोठं लागतं, पेट्रोल जास्त लागतं, आणि पाणीही खोल लागतं. गाढवी नदीवरच्या इटियाडोहचं पाणी धानाला सुटलं की उन्हाळ्यात पातळी उतरते. मग पावसाळ्यात खाली दडलेली झाडांची खुंटं पंख्याच्या उंचीला येतात. ढिवर बांधवांची जाळी असतात, काठाला बेशरमची झुडपं असतात. ज्या पाण्यात डोंगा बिनघोर फिरतो, तिथे नव्वद एचपीची बोट दुपारभरात पंखा वाकवून घेते. नवेगावबांधचं तर नावच काढू नका. १९७५पासून तिथे राष्ट्रीय उद्यान आहे, २०१३पासून तो व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. परवानगीचा प्रश्न आहेच, पण हिवाळ्यात पाखरं उतरतात त्या पाण्यावर अशी बोट फिरवणं मला स्वतःलाच पटत नाही.

आता एका लाल बोटीची गोष्ट. ओळखीच्या चार जणांनी पैसे जमवले आणि कोकणात एक सतरा फुटी बोट बघायला मला घेऊन गेले. नव्वद एचपीचं टूस्ट्रोक आऊटबोर्ड, रंग चकचकीत, सीटांना नवीन रेक्झिन. नवीन रेक्झिन दिसलं की मी जरा जास्तच वाकून बघतो. सगळे इंजिनाभोवती जमले होते, मी मागे गेलो. बोटीची मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं, तिथेच जुन्या बोटीचा खरा हिशेब असतो. इंजिनाच्या खालच्या टोकावर पाय ठेवून हलकेच वजन टाकलं. इंजिन आपल्या बिजागरीवर थोडं हललं तर हरकत नाही; इथे अख्खी फळी आत-बाहेर होत होती. बोल्टाभोवती केसाएवढी चीर होती. मालकाच्या परवानगीने खालचा एक स्क्रू काढला, तर काळपट पाणी ओघळलं आणि त्यामागून ओल्या चहाच्या चोथ्यासारखा भुसा आला.

बाहेरून फायबर दिसतं, पण अनेक जुन्या बोटींत या फळीच्या पोटात प्लायवूड असतं. बोल्टाच्या भोकातून पाणी आत शिरतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. वरचा रंग तसाच राहतो. दुरुस्ती म्हणजे इंजिन उतरवा, फायबर कापा, कुजलेलं सगळं खरवडा, नवीन प्लाय बसवा, पुन्हा फायबर चढवा. स्वस्त बोटीच्या किमतीत हे काम बसत नाही. फळी आणि तळ दोन्हीकडे प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जायचं. टणक आवाज आला तर ठीक, मध्येच भद्द झाला तर तिथे पाणी मुरलं आहे किंवा थर सुटले आहेत.

मी म्हटलं, "फळी सडली आहे जी, नका घेऊ." विकणारा म्हणाला, "अहो, इंजिन तर ऐका." त्यांनी ऐकलं, आणि घेतली. पैसा त्यांचा होता, मी गप्प बसलो.

इंजिनाचंही सांगतो, कारण ते ऐकण्याची गोष्टच नव्हे. पहिलं म्हणजे थंड इंजिन मागा. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या अंगाला हात लावला, तर ते कोमट होतं. कोणीतरी आधीच चालू करून ठेवलं होतं. थंड असताना सुरू व्हायला कुरकुरणारं इंजिन असंच लपवतात. मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती यापेक्षा सगळ्यांत सारखा आहे का ते महत्त्वाचं. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त मागे असेल तर घरी या. खालच्या गिअरचं तेल काढून बघा. दुधाळ झालं असेल तर सील गेलं आणि पाणी आत आलं. त्यात लोखंडाची चमक दिसली तर गिअरच गेले. इंजिन चालू असताना मागून पाण्याची पिचकारी सतत उडायला हवी. ती बारीक किंवा थांबत-थांबत येत असेल तर रबरी इम्पेलर झिजला आहे, नाहीतर आतले मार्ग मिठाने बुजले आहेत.

लाल बोटीत मीठच होतं. समुद्रात वापरून गोड्या पाण्याने न धुतलेलं इंजिन आतून असंच होतं. इटियाडोहात ती पूर्ण वेगात सोडली, गरम झाली, आणि इंजिन तापल्याचा इशारा देणारा भोंगा वाजलाच नाही. उघडल्यावर कळलं, भोंग्याची वायर कोणीतरी पूर्वीच कापून ठेवली होती. पिस्टनवर ओरखडे पडले. मंडळींना डोंग्याला दोर बांधून काठाला आणलं. म्हणून किल्ली फिरवताक्षणी भोंगा एकदा वाजतो की नाही, हे बघितल्याशिवाय पुढे बोलू नका.

पेट्रोलचा हिशेब कोणी करत नाही. ढोबळ मानाने फोरस्ट्रोक आऊटबोर्ड पूर्ण वेगात दर दहा एचपीमागे तासाला चारेक लिटर पितं. नव्वद एचपी म्हणजे तासाला पस्तीस लिटरच्या आसपास. जुनं कार्ब्युरेटरचं टूस्ट्रोक त्याहून जास्त, वर ऑइल वेगळं. शंभरावर गेलेल्या भावाने गुणाकार करा आणि मग पर्यटकाकडून फेरीचे किती घेणार ते ठरवा. त्यात आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, महिनोन्‌महिने उभ्या टाकीत पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होतात. जुनी बोट घेतली की नळ्या आणि फिल्टर विनाचर्चा बदला.

चाचणी पाण्यातच घ्या, बादलीत नाही. आणि मोकळ्या पाण्यात घ्या. १८ डिसेंबर २०२४ला मुंबईजवळ नौदलाच्या स्पीडबोटीची इंजिन चाचणी चालू असताना ताबा सुटला आणि ती एलिफंटाकडे निघालेल्या 'नीलकमल' फेरीबोटीवर आदळली. पंधरा जणांचे प्राण गेले. प्रशिक्षित हातांतून असं होतं, तर आपण कोण? इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली हवी. ती ओढून इंजिन खरंच बंद पडतं का, हे मी काठालाच बघतो. पूर्ण थ्रॉटलला पुस्तकात दिलेले आरपीएम मिळतात का तेही बघा. कमी पडत असतील तर एकतर पंखा चुकीचा, नाहीतर इंजिन दमलेलं.

कागदांबद्दल थोडक्यात. २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने १९१७चा जुना कायदा बाद केला. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला नोंदणी आणि तपासणीचा दाखला लागतो. इंजिनावरचा नंबर कागदाशी जुळवा. इंजिन बाहेरदेशातून आलेलं असेल तर कस्टमचे कागद मागा. धरणाचं पाणी कोणाच्या ताब्यात आहे, मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे, हे विचारून त्या संस्थेच्या माणसांशी आधी बोला. खुंटं कुठे आहेत, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

पाच लाख असतील तर तीनचीच बोट बघा आणि दोन खिशात राहू द्या. माझं मत विचाराल तर चाळीस एचपीचं फोरस्ट्रोक, हलकी, उथळ तळाची आणि शक्यतो गोड्या पाण्यात वापरलेली बोट घ्या. तीही तळ्यावर पोरांना किंचाळायला लावेल एवढी पळते. ट्रेलर मात्र बोटीइतकाच नीट तपासा. बोट उतरवताना त्याची चाकं पाण्यात जातात, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं आणि ग्रीस धुऊन जातं. लाल बोट हायवेने इथवर आली तेव्हा डाव्या चाकाच्या हबला हात लावायची सोय नव्हती. साकोलीच्या आधीच ते चाक निखळलं असतं, तर फळीचा प्रश्न तिथेच संपला असता.