तूरडाळीचा भाव रोज विचारता, पण लिहून ठेवता का?

मागच्या व्हिडिओत मी गल्ल्याजवळची एक वही दाखवली होती. "दादा, त्या वहीत नक्की लिहायचं काय?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून आज सविस्तर सांगतो.

आधी ही वही सुरू का झाली ते ऐका. 2023 च्या पावसाळ्यात तूरडाळ चढत होती. माझ्याकडे 30 किलोचे 10 कट्टे होते, किलोला 120 रुपयांनी घेतलेले. म्हणजे 36,000 रुपयांचा माल. मी तो 130 ने विकला, 39,000 आले. नफा 3,000! खुशीत परत 10 कट्टे मागवले, तर व्यापाऱ्याचा भाव 138. बिल झालं 41,400. डाळीचे आलेले सगळे पैसे दिले, तरी तेवढीच डाळ परत आणायला 2,400 रुपये खिशातून घालावे लागले. लाईट बिल, पोराचा पगार वेगळाच.

बीबीएला 'रिप्लेसमेंट कॉस्ट'वर उत्तर लिहून मी मार्क मिळवले होते. अर्थ मात्र त्या दिवशी कळला. विक्रीचा दर ठरवताना माल कितीला आणला एवढंच बघू नका. आज आणायला गेलो तर कितीला पडेल, तेही बघा.

त्यासाठी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, चार रकाने भरा.

1. बाजार समितीचा दर: राज्य कृषी पणन मंडळाच्या वेबसाईटवर बाजारभाव मिळतात. लातूर किंवा अकोला, कुठलाही एक बाजार धरा आणि तोच कायम ठेवा. तिथे कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. सर्वसाधारण दर लिहा, शेजारी आवक लिहा. लक्षात ठेवा, हा दर क्विंटलचा आणि अख्ख्या तुरीचा आहे. 100 किलो तुरीची साधारण 70 किलो डाळ धरा. 2025-26 चा हमीभाव 8,000 रुपये आहे. 8,000 भागिले 70, म्हणजे किलोला 114 रुपये नुसत्या तुरीचेच. चुनी विकून मिलला थोडे सुटतात, पण भरडाई, गाडीभाडं, हमाली वर चढते. बाजारात तूर हमीभावाच्या खालीही जाते, म्हणून हिशेब प्रत्यक्ष दरावर करा.

2. तुमच्या व्यापाऱ्याचा आजचा भाव: माल घ्यायचा नसला तरी फोन करा.

3. आसपासची दोन दुकानं आणि एक मॉल: फटका डाळीची तुलना फटका डाळीशीच करा, सुट्या मालाची सुट्याशी. अर्ध्या किलोचं पाकीट असेल तर किलोचा दर काढून लिहा.

4. तुमचा विक्रीदर आणि शिल्लक कट्टे.

केंद्राचा ग्राहक व्यवहार विभागही रोज घाऊक आणि किरकोळ दर गोळा करतो. ऑगस्ट 2024 पासून त्यांच्या यादीत 38 वस्तू आहेत, तूरडाळही आहे. कल समजायला ते आकडे चांगले. पण देशाच्या सरासरीवरून तुमच्या गल्लीतला दर ठरत नाही, म्हणून तिसरा रकाना चुकवू नका.

आता ही वही वाचायची कशी? पहिला आणि दुसरा रकाना सलग दोन-तीन आठवडे चढतोय, तर दर दोन-दोन रुपयांनी वाढवा. एकदम आठ रुपये वाढवले की गिऱ्हाईक दचकतं. उलट, डिसेंबर-जानेवारीपासून नवी तूर यायला लागते. त्या सुमारास आवक वाढून भाव उतरताना दिसला, तर "स्वस्त मिळतंय" म्हणून एकदम पंधरा कट्टे भरू नका. लागेल तेवढाच माल घ्या. आणि जुना माल महाग पडला म्हणून दर धरून बसू नका. शेजारी स्वस्त मिळाली की डाळीबरोबर तेल, साखर, चहाही तिकडूनच जातो.

दर वेळी हिशेबाप्रमाणे दर लावता येईलच असं नाही. कधी गिऱ्हाईक टिकवायला दोन रुपये सोडावे लागतात. पण ते आपण जाणूनबुजून सोडतोय, हे माहीत असलं पाहिजे.

गृहपाठ: आज रात्री दुकान बंद करायच्या आधी फक्त तूरडाळीचे चार रकाने भरा. आठ आठवडे भरा, मग साखर आणि तेल जोडा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!