रक्तदाबाची गोळी आणि न विचारलेला प्रश्न
रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यावर लिंगाला पुरेशी ताठरता न येणे किंवा आलेली न टिकणे हा अनुभव पुष्कळ पुरुषांच्या वाट्याला येतो. परंतु तळेगावजवळच्या सोमाटणे फाट्यासारख्या ठिकाणी, जेथे मेडिकलवाला ओळखीचा आणि मागे उभे असलेले गिऱ्हाईक बहुधा भावकीतले असते, तेथे याची वाच्यता होत नाही आणि गोळी परस्पर बंद केली जाते. हा उपाय मूळ तक्रारीहून घातक आहे, कारण अटेनोलॉलसारखे बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती व त्यावरील ताण कमी करणारे औषध, एकाएकी थांबवल्यास हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो.

लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर टाकणाऱ्या थायाझाइड गोळ्या, जुने बीटा-ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन आणि नैराश्यावरील सर्ट्रालीनसारखी औषधे यांच्यावर संशय घेण्यास आधार आहे. तथापि दोष नेहमी गोळीचाच नसतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात ९६ पुरुषांना अटेनोलॉल दिले असता, औषधाचे नावही ठाऊक नसलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के, नाव ठाऊक असलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के, तर दुष्परिणामही सांगितलेल्यांपैकी ३१ टक्के पुरुषांनी ही तक्रार केली. यावरून तक्रार खोटी ठरत नाही, कारण धास्तीनेही ताठरता खरोखरच जाते. शिवाय लिंगाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा अरुंद असल्याने मधुमेह, तंबाखू वा वाढत्या रक्तदाबाची पहिली खूण तेथे उमटू शकते, ही बाब फार थोड्यांना ठाऊक असते.

म्हणून गोळी केव्हा सुरू झाली, त्रास केव्हापासून आहे आणि पहाटे आपोआप येणारी ताठरता टिकून आहे का, एवढे डॉक्टरांना सांगावे. ते टेल्मिसार्टन किंवा नेबिव्होलॉलसारखा पर्याय निवडू शकतात, तर नैराश्यावरील औषधाची मात्रा टप्प्याटप्प्याने बदलू शकतात. सिल्डेनाफिल हे लिंगातील रक्तप्रवाह वाढवणारे औषध अनेकांना उपयोगी पडते, मात्र चिठ्ठीविना ते घेऊ नये. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही कॅप्सूलमध्येही तेच लपवून मिसळलेले आढळले आहे. छातीतील कळेवर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आणि सिल्डेनाफिल एकत्र आल्यास रक्तदाब जीवघेण्या पातळीपर्यंत कोसळू शकतो, त्यामुळे सिल्डेनाफिल किंवा तशी कॅप्सूल घेतल्यानंतर छातीत दुखू लागल्यास घरातील सॉर्बिट्रेट न घेता तातडीने तळेगावचे रुग्णालय गाठावे आणि कोणती गोळी किती वाजता घेतली हे तेथे पोहोचताच सांगावे.