ग्रीन कार्ड खिशात, दुकान बीडमध्ये

आपल्या जिल्ह्यातील किती तरी घरांतील मुले आज बाहेरदेशी आहेत. बहुतेक सौदी अरब, दुबई, कुवेत, कतरमध्ये. थोडी अमेरिका, कॅनडा, इंग्लंडमध्ये. मुलगा स्थिरावला की तो आई-वडिलांचेही कागद करतो, आणि आई-वडील समजतात की कागद मिळाला म्हणजे हक्क कायमचा झाला. हा समज चुकीचा आहे. मी स्वतः त्या समजात पाच-सहा वर्षे काढली, म्हणून हा लेख. माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, मराठी मला सुभाष रोडवरच्या गिऱ्हाइकांनी शिकवली. तेव्हा भाषेत उणे असेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. माहिती मात्र पारखून दिली आहे.

माझा थोरला मुलगा शिकागोला इंजिनियर आहे. तो तेथील नागरिक झाल्यावर त्याने आम्हा दोघांसाठी अर्ज केला. नागरिकाच्या आई-वडिलांना रांगेत थांबावे लागत नाही, भाऊ-बहिणींना मात्र वर्षानुवर्षे थांबावे लागते. २०१६ साली मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत झाली, व्हिसा मिळाला, आम्ही गेलो आणि कार्ड टपालाने मुलाच्या घरी आले. त्यावर दहा वर्षांची मुदत छापलेली होती. दोन महिन्यांत मी परत आलो, कारण रमजान ईदचा माल भरायचा होता. सुरत, मालेगाव, इचलकरंजी या खरेदीच्या फेऱ्या मुलावर किंवा गुमास्त्यावर सोडता येत नाहीत, हे कापडवाल्यांना सांगायला नको.

त्या वेळी एका एजंटाने सांगितले, "हाजीसाब, वर्षातून एकदा जाऊन पाय लावून यायचे, कार्डाला काही होत नाही." मी तसेच केले. दरवर्षी पाच-सहा आठवडे शिकागो, बाकीचे सारे वर्ष बीड. तिसऱ्या खेपेला विमानतळावरील अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळून विचारले, "फार दिवस बाहेर असता?" मी हसून वेळ मारून नेली.

फेब्रुवारी २०२० मध्ये लग्नसराईसाठी परत आलो आणि मार्चमध्ये सारे बंद झाले. दुकानात ताग्यांवर धूळ बसली, आणि आंतरराष्ट्रीय विमानेही थांबली. पुढे जुलै २०२० पासून अमेरिकेशी ठराविक विमानांची सोय सुरू झाली, आणि जानेवारी २०२१ मध्ये, अकराव्या महिन्यात, मी पोहोचलो. एक वर्ष पुरे झाले नव्हते, म्हणून मी निर्धास्त होतो. अधिकाऱ्याने दुभाष्यामार्फत साधाच प्रश्न केला, "आप कहाँ रहते हैं?"

मी म्हणालो, "बीड में. बेटे के पास आता-जाता रहता हूँ."

खोटे एक अक्षर नव्हते. पण ज्या माणसाच्या खिशात अमेरिकेचा कायम रहिवासी असल्याचे कार्ड आहे, त्यानेच आपण रहिवासी नाही हे तोंडाने सांगितले. मला आतल्या खोलीत नेऊन बसवले. तीन-साडेतीन तास गेले. दुकान कोणाच्या नावावर, कर कोठे भरता, मुलाच्या घरी तुमची खोली आहे का, सारे विचारले. मग माझ्यासमोर आय-४०७ नावाचा फॉर्म ठेवला. मी आपल्या खुशीने कायम निवासाचा हक्क सोडत आहे, असे त्यावर लिहून द्यायचे असते. मुलाने फोनवर आधीच बजावले होते, "अब्बा, वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका." मी सही केली नाही. महामारीचे वर्ष होते, रद्द झालेल्या दोन तिकिटांचे कागद जवळ होते. ते पाहून मला आत सोडले, पण पासपोर्टाच्या नोंदीत ताकीद राहिली.

आता कायदा काय आहे ते पाहू.

ग्रीन कार्ड हे कार्डावरील तारखेवर टिकत नाही, ते राहण्यावर टिकते. बाहेर एक वर्ष किंवा अधिक झाले तर नुसते कार्ड दाखवून परत येण्याचा हक्क राहत नाही. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिले तर परत येताना नव्याने आल्यासारखी तपासणी होऊ शकते. येथपर्यंत एजंटाला माहीत असते. त्याला माहीत नसते ते हे, की वर्षाच्या आत परतलात तरी हक्क गेलेला असू शकतो. पाहतात ते एवढेच, की तुमचे बाहेर जाणे तात्पुरते होते का.

तात्पुरते म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याइतके चांगले कोणाला कळणार? दिवाळीच्या पुढे-मागे पाटोदा, धारूर, वडवणीकडून ऊसतोडीच्या गाड्या भरून जातात. मुकादमाची उचल घेतलेली कोयत्याची जोडी पाच-सहा महिने सांगली-कोल्हापूरला किंवा कर्नाटकात कोपीवर राहते. म्हणून कोणी त्यांना सांगलीचे रहिवासी म्हणत नाही. घर येथे, राशनकार्ड येथे, म्हातारी माणसे येथे, आणि कारखान्याचा पट्टा पडला की माणूस गावाकडे वळणार, हे जातानाच ठरलेले. अमेरिकेची न्यायालयेही जवळपास हेच विचारतात. बाहेर जाण्याला शेवट ठरलेला होता का? किंवा अशी काही घटना होती का, की ती लवकरच घडेल आणि मग माणूस परतेल? बहिणीचे लग्न, आईचे आजारपण, जमिनीची वाटणी, ही कारणे त्यात बसतात. "दुकान चालते तोपर्यंत" हे बसत नाही, कारण दुकानाचा पट्टा कधी पडत नाही.

व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा एक जुना निकाल १९७५ चा आहे. केन नावाच्या जमैकातील बाईंचे तेथे लॉजिंग होते. त्या वर्षातील सुमारे अकरा महिने जमैकात लॉजिंग चालवीत आणि महिनाभर अमेरिकेत येत. तेथील इमिग्रेशन अपील मंडळाने ठरवले की यांचे घर जमैकात आहे, हक्क सुटला. १९८८ च्या हुआंग प्रकरणात तर बाई दरवर्षी थोड्या दिवसांसाठी अमेरिकेला येऊन जात होत्या, पण नवऱ्याचे काम जपानमध्ये आणि संसार तेथेच होता. त्यांचाही दावा गेला. हे निकाल वाचले तेव्हा मला वाटले, लॉजिंगच्या जागी कापड दुकान लिहिले की माझीच केस.

मात्र एक गोष्ट प्रत्येक म्हाताऱ्या आई-बापाला माहीत असावी. हक्क सुटला हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो आणि पुरावा स्पष्ट व खात्रीचा लागतो. विमानतळावरील अधिकारी आपल्या मर्जीने हक्क संपवून टाकू शकत नाही. आय-४०७ वर सही करण्याची सक्ती नाही. "मला इमिग्रेशन न्यायाधीशासमोर जायचे आहे," असे म्हणता येते, आणि न्यायाधीशाचा अंतिम आदेश होईपर्यंत माणूस कायम रहिवासीच राहतो. इंग्रजी येत नसेल तर दुभाष्या मागावा. न कळता मान हलवू नये. आपल्याकडे आदबीने मान हलवण्याची सवय आहे, ती तेथे महागात पडते.

ज्याला आधीच ठाऊक आहे की वर्षाच्या वर राहावे लागणार, त्याच्यासाठी सोय आहे. तिला रीएंट्री परमिट म्हणतात, फॉर्म आय-१३१. हा अर्ज करताना माणूस अमेरिकेत हजर पाहिजे. बीडला बसून तो करता येत नाही, आणि बहुतेकांची गाडी येथेच चुकते. अर्ज करून, बोटांचे ठसे देऊन मग निघावे; परमिट तयार झाल्यावर वकिलातीतून घेण्याची सोय मागता येते. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे, वाढवून मिळत नाही, पण परत जाऊन नवा अर्ज करता येतो. मागील पाच वर्षांत चार वर्षांहून अधिक बाहेर काढली असतील तर पुढचे परमिट बहुधा एकाच वर्षाचे मिळते. परमिट असले तरी घर, खाते, कराचे कागद तेथे असावेच लागतात. नुसते परमिट म्हणजे बिल्टी हातात आणि ट्रान्सपोर्टात मालच नाही, अशी गत.

परमिट नाही आणि वर्ष उलटून गेले, तर एक दरवाजा उरतो: एसबी-१, म्हणजे परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा. त्यासाठी वकिलातीत डीएस-११७ फॉर्म द्यावा लागतो. निघताना परतण्याचा इरादा होता आणि राहणे लांबले ते आपल्या हाताबाहेरच्या कारणाने, हे दोन्ही दाखवावे लागते. दवाखान्याचे कागद, रद्द तिकिटे, डॉक्टरांची चिठ्ठी हे सारे तारखेवार लागते. "धंद्यात अडकलो" हे कारण हाताबाहेरचे धरत नाहीत.

आता कराचा विषय, जो आपल्या लोकांना सर्वांत कमी ठाऊक आहे. ग्रीन कार्डवाल्याने जगभरातील मिळकत अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवायची असते. म्हणजे बीडच्या दुकानाचा नफा, घरभाडे, बँकेचे व्याजसुद्धा. येथे भरलेल्या कराची वजावट मिळते, त्यामुळे दर वेळी दुप्पट भरावे लागते असे नाही, पण दाखवावे लागतेच. शिवाय परदेशी खात्यांतील एकूण रक्कम वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. मी बीडमध्ये माझ्या सीएला विचारले, त्यांनी हात जोडले. मुलाच्या हिशेबनिसाने पहिल्या वर्षापासून भरले म्हणून मी वाचलो. काही जण हुशारी करून "मी अनिवासी" असे लिहून विवरणपत्र भरतात. ते लिहिणे म्हणजे हक्क सोडल्याचा पुरावा आपल्या हाताने देणे.

ज्यांना पुढे नागरिक व्हायचे आहे त्यांचे गणित आणखी कडक आहे. पाच वर्षांत तीस महिने प्रत्यक्ष तेथे हजर असावे लागते. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिले तर निवास तुटला असे धरतात, तो तुटला नाही हे आपण दाखवायचे. वर्ष झाले तर तुटलाच.

आखातातील बंधूंसाठी थोडक्यात. तेथे सामान्य नोकरदाराला कायम निवास असा प्रकारच नाही, इकामा नोकरीला बांधलेला असतो. अमिरात, कुवेत, कतर येथे सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिले की निवास परवाना सामान्यतः रद्द होतो. अमिरातीत कारण दाखवून परतण्याची परवानगी मागता येते, आणि गोल्डन व्हिसावाल्यांना ही सहा महिन्यांची अट नाही. सौदीत एक्झिट-रीएंट्रीची तारीख हीच खरी तारीख. ती संपण्याआधी कफीलाकडून वाढवून घ्यावी. सुट्टीवर आलेला मुलगा "अजून पंधरा दिवस" म्हणतो, त्याचा कागद आईने एकदा तरी पाहावा. आणि जो कायमचा परत आला त्याने बँकेला सांगून एनआरई खाते बदलून घ्यावे, तसेच चालू ठेवणे नियमात बसत नाही. कॅनडात पाच वर्षांत ७३० दिवस हजर राहण्याची अट आहे. इंग्लंडमध्ये कायम निवासवाला सलग दोन वर्षांहून अधिक बाहेर राहिला की हक्क जातो.

माझे पुढे काय झाले ते सांगतो. २०२१ च्या त्या खोलीनंतर मी आणि मुलाने शांतपणे हिशेब केला. दुकान विकून मी तेथे जाऊन बसणार होतो का? नव्हतो. दुकान वडिलांच्या काळातले आहे, सात माणसांचे घर त्यावर चालते. मग कार्ड ठेवणे म्हणजे दरवर्षी दारात उभे राहून एकाच प्रश्नाला अडखळणे. २०२२ मध्ये मी स्वतः घरी बसून, वाचून, तोच आय-४०७ भरला आणि टपालाने पाठवला. त्याला फी नाही. ज्यांच्याकडे कार्ड आठ वर्षांपासून आहे त्यांनी मात्र आधी हिशेबनिसाला विचारावे, त्यांना सोडताना कराचे वेगळे नियम लागू शकतात. मग पाहुण्याच्या व्हिसासाठी अर्ज केला. त्या वेळी मुंबईत मुलाखतीच्या तारखेसाठी अडीच वर्षांच्या आसपासची रांग होती. मधली तारीख मिळाली तरी २०२४ उजाडले. त्या दोन वर्षांत नातवाचे चालणे-बोलणे मी फोनवरच पाहिले. हा तोटा मी लपवीत नाही. ज्याला मुलाजवळ राहायचेच आहे त्याने कार्ड सोडू नये, तेथे राहावे.

मुलाच्या अम्मीने कार्ड सोडले नाही. ती २०२१ पासून नातवंडांजवळच राहते. २०२३ मध्ये तिची आई अंबाजोगाईला अंथरुणाला खिळली, तेव्हा निघण्यापूर्वी तिने शिकागोतच आय-१३१ भरला, ठसे दिले, मग निघाली. परमिट मुंबईहून घेतले. सोळा महिने आईजवळ राहून ती परत गेली. विमानतळावर तिलाही विचारले, आप कहाँ रहती हैं? तिने शिकागोचा पत्ता सांगितला, आणि पाच मिनिटांत बाहेर आली.

परमिटाची, कराच्या विवरणपत्रांची व दवाखान्याच्या कागदांची एक फाईल तिने हातातल्या पिशवीत ठेवली होती, सामानाच्या बॅगेत नाही. बॅग उतरते नंतर, आणि विचारणारा माणूस भेटतो आधी.