वर्डमधून गायब झालेले ॲड-इन

प्रश्न : वर्ड एकदा क्रॅश झाले, तेव्हापासून सबव्हर्जनच्या ॲड-इनची बटणे दिसत नाहीत. पुन्हा इन्स्टॉल करू का?

उत्तर : घाई नको. सुरू होताना ॲड-इन कोसळले, की ऑफिस ते काढून टाकत नाही, नुसते बंद करून ठेवते. म्हणून फायली जागेवर असूनही बटणे दिसत नाहीत. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स इथल्या ‘मॅनेज’ यादीत आधी ‘डिसेबल्ड आयटम्स’ पाहा, मग ‘कॉम ॲड-इन्स’मध्ये खूण करा. खूण टिकत नाही म्हणाल, तर संशय ऑफिस आणि ॲड-इन यांच्या बिटांवर घ्या. ऑफिस 2019 पासून सहसा 64 बिट आवृत्तीच बसते आणि 32 बिटची डीएलएल तिच्यात लोडच होत नाही. विंडोज किती बिटचे, हा इथे पुरावा नव्हे. ‘अबाउट वर्ड’मध्ये ऑफिसचे बिट पाहा, त्याच बिटचे ॲड-इन घ्या.