पंचांची खोली : आधी काय करावं, खर्च किती येईल?

आंतरशालेय स्पर्धेच्या अंदाजपत्रकात चषक, पदकं, टी-शर्ट, माइक, नाश्ता असं सगळं असतं. पंचांनी कपडे कुठे बदलायचे, हा रकाना मात्र नसतो. मग कुणी गाडीत गणवेश चढवतं, कुणी मुलांच्या स्वच्छतागृहात. बेंगळुरूत पंच बरेचदा दुचाकीवरून, शहर ओलांडून मैदानावर पोहोचतात. त्यातच शालेय सामन्यांचा बराचसा हंगाम पावसाळ्यात येतो.

यासाठी बांधकाम काढायची गरज नाही. सुट्टीच्या दिवशी रिकामा असलेला एक वर्ग पुरतो. पैसे लागतात ते पडदा, कुलूप आणि पाणी यांसाठी. खालचे आकडे ढोबळ बाजारभाव आहेत; भागागणिक ते बदलतील.

किती जणांची सोय?

फुटबॉलला चौथा पंच धरून चार जण. कबड्डीला सरपंच, दोन पंच, गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक असे सहा. एकाच दिवशी दोन खेळ असतील, तर दहा जणांचा हिशेब धरा.

बिनखर्चाची कामं

• खोली खेळाडूंपासून वेगळी हवी. अल्पवयीन मुलं कपडे बदलतात तिथे प्रौढांनी कपडे बदलू नयेत. यात मुलांची सुरक्षितता आहे आणि पंचांचीही.

• वर्गात सीसीटीव्ही आहे का, हे सर्वांत आधी बघा. बेंगळुरूच्या अनेक शाळांत तो असतो. असेल तर दुसरी खोली निवडा. कॅमेऱ्यावर कापड टाकून भागवू नका.

• महिला पंचांसाठी स्वतंत्र खोली ठेवा. जानेवारी २०२३मध्ये वृंदा राठी, एन. जननी आणि गायत्री वेणुगोपालन रणजी सामन्यांत पंच म्हणून उभ्या राहिल्या. शाळेच्या मैदानावर महिला पंच येतील, हे गृहीत धरूनच तयारी हवी.

• एक टेबल, दोन खुर्च्या ठेवा. सामन्याचा अहवाल शांतपणे लिहायला जागा लागते. वादग्रस्त निर्णयानंतर चिडलेल्या पालकांपासून चार पावलं दूर राहता येतं, हा आणखी एक फायदा.

एकदाच करायचा खर्च (एका खोलीचा)

• आतली कडी आणि दोन किल्ल्यांचं कुलूप : ३०० ते ५०० रुपये
• खिडक्यांना जाड पडदे : १,००० ते २,०००
• कपडे अडकवायचे हूक : ३०० ते ७००
• आरसा : ४०० ते ८००

एकूण २,००० ते ४,००० रुपये. महिलांची खोली धरून दुप्पट.

दर दिवसाचा खर्च

• २० लिटरचे पाण्याचे दोन जार : १०० ते २००
• साबण, नॅपकिन, कागदी रुमाल : ३०० ते ५००
• सफाई कामगाराचा जादा मेहनताना : ६०० ते ८००
• ओआरएस, केळी : २०० ते ३००

एकूण १,२०० ते १,८०० रुपये. स्पर्धेत १६ संघ असतील, तर दिवसाला प्रत्येक संघामागे ७५ ते ११३ रुपये. प्रवेश शुल्कात एवढी वाढ कुणाला जड जाणार नाही. सॅनिटरी पॅडचं एक पाकीट महिलांच्या खोलीत ठेवा.

मैदान भाड्याचं असेल तर

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा : बंद होणारी खोली मिळेल का, स्वच्छतागृहात पाणी किती वाजेपर्यंत असतं, आणि खोलीचं भाडं मैदानाच्या भाड्यात धरलंय की वेगळं? खोली नसेल, तर शामियानावाल्याकडून चारही बाजूंनी बंद होणारा छोटा तंबू घ्या. दिवसाला १,५०० ते ३,००० रुपये, ने-आण वेगळी. कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी धरलाय का, ते तपासा. वर्षाला चार-पाच स्पर्धा भरवत असाल, तर बाजूचे पडदे असलेली दहा बाय दहा फुटांची घडीची छत्री विकतच घ्या. ५,००० ते ९,००० रुपयांत ती मिळते आणि तीन-चार स्पर्धांत पैसे वसूल होतात.

कायमची सोय

क्रीडासाहित्याच्या खोलीचा कोपरा प्लायवूडने वेगळा करणं (१२,००० ते १८,०००), दार (४,००० ते ७,०००), दिवा आणि एक्झॉस्ट पंखा (३,००० ते ५,०००), सहा कप्प्यांचं लोखंडी कपाट (९,००० ते १४,०००) : एकूण २८,००० ते ४४,००० रुपये. नवं न्हाणीघर बांधायचं झालं, तर खर्च लाखाच्या घरात जातो. आधी जवळच्या शिक्षक-स्वच्छतागृहात शॉवर बसवता येतो का, ते बघा.

पैसे कमी पडले तर

क्रम असा ठेवा : कडी, पडदा, पाणी, स्वच्छता. आरसा आणि कपाट पुढच्या वर्षी आलं तरी चालेल. पंचांना पाठवायच्या पत्रात खोलीचा क्रमांक आणि किल्ली कुणाकडे आहे ते लिहा, आणि स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी क्रीडाशिक्षकांनी आत जाऊन कडी एकदा लावून बघावी.