धमनीच्या आतला मार्ग

मनगटावरची नाडी बोटांना लागते. परंतु हृदयाला रक्त पुरविणारी धमनी नेमकी कोठे अरुंद झाली आहे, हे नाडी सांगू शकत नाही. १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला, तरीही ही अडचण दूर झाली नाही. क्ष-किरणांच्या चित्रात हाडे स्पष्ट उमटतात, रक्तवाहिन्या मात्र उमटत नाहीत. त्या दिसाव्यात म्हणून क्ष-किरणांना अडविणारे द्रव्य रक्तात सोडावे लागते. पोर्तुगालचे एगास मोनिझ यांनी १९२७ साली याच युक्तीने मेंदूतील धमन्यांचे चित्र मिळविले.

हृदयापर्यंत जाण्याचे धाडस त्यानंतर दोन वर्षांनी झाले. जर्मनीतील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने वरिष्ठांचा नकार न जुमानता स्वतःच्याच हाताच्या शिरेतून सुमारे ६५ सेंटिमीटर लांब नळी आत सरकविली आणि नळी तशीच ठेवून तो क्ष-किरण विभागात चालत गेला. नळीचे टोक हृदयात पोहोचल्याचे चित्रात दिसले. हे साहस अनुकरणीय खचितच नव्हे. पण पुढील सारी प्रगती त्यावरच उभी राहिली. त्या वेळी वाट्याला आला तो उपहास. नोबेल पारितोषिक मिळाले १९५६ साली.

नळीने रोग पाहता येतो, तर बराही का करू नये? हा विचार अमेरिकेतील चार्ल्स डॉटर यांना सुचला. १९६४ साली त्यांच्याकडे ८२ वर्षांची एक वृद्धा आली. मांडीतील धमनी अरुंद झाल्याने तिच्या पायाची बोटे सडू लागली होती. पाय कापण्याचा सल्ला तिने साफ नाकारला. डॉटर यांनी धमनीत आधी बारीक, मग तिच्यावरून जाड नळी घालून अरुंद भाग रुंदावला. थंड पडलेला पाय पुन्हा उबदार झाला आणि ती वृद्धा अखेरपर्यंत स्वतःच्या पायांनी चालली. तरीही अमेरिकेतील अनेक शल्यचिकित्सकांनी या उपचाराकडे पाठच फिरविली.

आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी मात्र तो सूक्ष्मपणे अभ्यासला. झुरिकमधील आपल्या घराच्या स्वयंपाकघरात त्यांनी नळीच्या टोकाला फुगविता येईल असा लहानसा फुगा बसविण्याचे प्रयोग केले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी या फुग्याने जागृत रुग्णाच्या हृदयाची धमनी प्रथमच मोकळी झाली. रुंदावलेली धमनी पुन्हा आकसू नये म्हणून धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसविण्यास १९८६ साली प्रारंभ झाला.

या कथेत मुंबईचेही एक पान आहे. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन, डॉ. किनरे, डॉ. परुळकर आणि त्यांचे सहकारी तरुण वयातील वेगळ्याच व्याधीचा अभ्यास करीत होते. यात महाधमनीच्या भिंतीला सूज येऊन ती मध्येच अरुंद होते. परिणामी हातात रक्तदाब फार वाढलेला, तर पायांतील नाडी क्षीण, असे विलक्षण चित्र दिसते. रुग्ण बहुधा तरुण, पुष्कळदा स्त्रिया. त्यांचा निबंध १९६३ साली ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोन्ही हातांची आणि पायांची नाडी तपासणे किती मोलाचे आहे, हे यावरून ध्यानात येते. त्यासाठी यंत्र लागत नाही.

शोध लागला, तरी तो रुग्णापर्यंत पोहोचण्यास किंमत आणि अंतर आड येतात. १९९०च्या दशकात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम व हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू यांनी स्वस्त भारतीय स्टेंट घडविला. फेब्रुवारी २०१७ मध्ये शासनाने साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटची २९,६०० रुपये ठरवून दिली. अंतराची गोष्ट निराळी. हृदयविकाराच्या झटक्यात धमनी बंद पडली की स्नायू तासागणिक मरू लागतो आणि जबलपूरहून नागपूर अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. जबलपुरातच या उपचारांची सोय झाल्याने त्या शहरातील रुग्णाचा हा प्रवास वाचतो. मंडला, डिंडोरी येथील खेड्यांतून निघालेल्या रुग्णाला मात्र आधी जबलपूर गाठावे लागते.