संगणकीय दप्तर आणि आवृत्तीचा प्रश्न

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे संगणकावर संस्थांच्या नोंदी सांभाळतात, त्यांच्यासाठी आणि हे काम नेमके काय असते हे जाणू इच्छिणाऱ्या पालकांसाठी हे टिपण आहे. आज्ञांची नावे आम्ही उच्चारानुसार दिली आहेत.

मोडी कागद हाती असूनही मोडी वाचणारा नसेल तर ते दप्तर मुके राहते, हे इतिहासाचे अभ्यासक जाणतात. संगणकातही तसेच घडते. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचा प्रारंभ १९८६ साली अमेरिकेत बर्कली येथील विद्यापीठात झाला. त्याच्या १३व्या आवृत्तीने लिहिलेल्या फाइली १५वी आवृत्ती थेट उघडत नाही.

म्हणून डेबियन या लिनक्स प्रणालीने वेगळी व्यवस्था लावली आहे. प्रत्येक आवृत्तीची साधने तिच्या क्रमांकाच्या स्वतंत्र फोल्डरात राहतात; त्यामुळे १३ आणि १५ एकाच यंत्रावर नांदतात. आपण 'पीजी-डंप' ही आज्ञा देतो, तेव्हा प्रत्यक्ष साधनाशी आपली गाठ पडतच नाही. त्या नावामागे 'पीजी-रॅपर' हा पर्ल भाषेतील प्रोग्रॅम उभा असतो. आज्ञेत '१३/मेन' असे दप्तराचे नाव दिले आहे काय, हे तो प्रथम पाहतो. नसल्यास वापरकर्त्याने नोंदवून ठेवलेली पसंती पाहतो. तीही नसल्यास ५४३२ या पोर्टवरील दप्तर गृहीत धरतो आणि त्याच्या आवृत्तीच्या साधनाकडे काम सोपवतो. 'पीएसक्यूएल' मात्र नेहमी यंत्रावरील सर्वांत नव्या आवृत्तीचेच चालते, कारण ते जुन्या सर्व्हरशीही बोलू शकते. 'इनिटडीबी' तर नेहमीच्या मार्गावर ठेवलेलेच नाही. त्याऐवजी 'पीजी-क्रिएटक्लस्टर' वापरावे, अशी अपेक्षा आहे. नवशिके येथे हमखास अडखळतात.

खरा धोका प्रणाली बदलताना असतो. डेबियन ११ मध्ये १३वी आवृत्ती होती, २०२३ च्या डेबियन १२ मध्ये १५वी आली. नवे पॅकेज बसताच १५ चे रिकामे दप्तर ५४३३ पोर्टवर आपोआप तयार होते. जुन्या नोंदी १३ मध्येच राहतात. सर्व काही पार पडले असे समजून कोणी १३ चे पॅकेज काढले, तर नोंदी डिस्कवर उरतात आणि त्या वाचणारा जातो.

म्हणून प्रथम 'पीजी-एलएसक्लस्टर्स' देऊन यादी पाहावी. '१३/मेन' असे नाव स्पष्ट देऊन प्रत घ्यावी. म्हणजे कोणत्या दप्तराची प्रत निघते आहे याबद्दल शंका राहत नाही. मग १५ चे रिकामे दप्तर काढून 'पीजी-अपग्रेडक्लस्टर' चालवावे. त्यानंतर नवे दप्तर ५४३२ वर येते, जुने बंद अवस्थेत तसेच राहते. नव्यातील नोंदी तपासून झाल्यावरच ते 'पीजी-ड्रॉपक्लस्टर'ने काढावे.